अवसेची पानं

सिंकमधल्या खरकट्या भांड्यांच्या ढिगातून एक चमचा आपसूक घसरला आणि खालच्या ताटावर टण्णकन आपटला. एवढंच. पण रविवारच्या दुपारी अडीच वाजता म्हसरूळच्या त्या तिसऱ्या मजल्यावर इतकी निपचित शांतता होती, की तो आवाज घरभर घुमला. हर्षू उठली की काय म्हणून तेजस्विनीनं आधी आतल्या दाराकडं पाहिलं. दार लोटलेलं, पंख्याची घरघर चालू, पोरीचा एक पाय चादरीबाहेर. नाही उठली. नवरा, दीपक, सातपूरला दुसऱ्या पाळीला गेलेला, तो आता रात्रीच येणार. म्हणजे अजून तासभर तरी घर तिचं होतं. तिनं पुन्हा समोरच्या लॅपटॉपकडं पाहिलं. गेली वीस मिनिटं ती एका लयीत बाणाचं बटण दाबत होती, पान, पान, पान. उद्या कळवणहून येणाऱ्या माणसाला शिक्का मारून द्यायच्या प्रती नुसत्या नजरेखालून घालत होती. चमच्यानं ती लय मोडली. बोट थांबलं, आणि थांबलेल्या पानावर तिची नजर पहिल्यांदाच मजकुराऐवजी उजव्या कोपऱ्यात गेली. निळ्या शाईत शाळकरी वळणाचा आकडा होता, ५९. तिनं बाण दाबला. ६१. पुन्हा दाबला. ६३. मग मागं आली, ६१, ५९, ५७, ५५, आणि जिन्याची एकेक पायरी गाळून कुणी धावत खाली यावं तशी ती त्या वहीच्या पहिल्या पानापर्यंत आली. तिथं लिहिलं होतं, १. दोन नव्हतंच. चार नव्हतं. तिनं पहिली वही उघडली, दुसरी उघडली. सगळ्या वह्या विषम होत्या.

ही पानं कसली, हे तिच्याइतकं विद्यापीठात आता कुणालाच ठाऊक नव्हतं. पेठ रोडवरच्या दंडकारण्य विद्यापीठाच्या संशोधन ग्रंथालयात तिचं टेबल होतं तळघरात, आणि टेबलावरच्या पाटीवर लिहिलं होतं ‘डिजिटल जतन’. भूगोलाच्या ज्ञानेश देवरे सरांनी निवृत्त होताना आपलं सगळं ग्रंथालयाला दिलं, कारण घरी एका वहीची कड वाळवीनं खाल्ली होती. ‘घरात कागद ठेवणं म्हणजे उघड्यावर भाकर ठेवणं हो,’ असं म्हणायचे सर. त्या सगळ्यात या चार वह्या होत्या. कळवण तालुक्यातल्या उंबरदरीच्या लंकाबाईंनी तीस वर्षं गावातल्या विहिरींचं पाणी मोजलं, त्याच्या. लंकाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्याकडं हातहातभर अंतरावर गाठी मारलेला एक दोर होता, टोकाला वरवंट्याचा तुटका तुकडा बांधलेला. दोर तळापर्यंत सोडायचा, वर ओढायचा आणि ओल्या गाठी मोजायच्या. घरी येऊन पोराला सांगायचं, पोरगा संतोष लिहायचा: खालची विहीर, ओल्या गाठी नऊ. तारखांचा भरवसा नको म्हणून लंकाबाईंनी आपलं सोपं ठेवलं होतं. पुनवेला एकदा मोजायचं, अवसेला एकदा. आकाश बघितलं की कळतं, कुणाला विचारायला नको. संतोषनं त्याला शिस्त लावली. पानाच्या पुढच्या अंगाला पुनव, मागच्या अंगाला त्याच महिन्याची अवस. तीस वर्षांच्या तीनशे एकाहत्तर पुनवा. अधिक महिन्यांसकट मोजल्या तरी बरोबर तीनशे एकाहत्तर, एकही कमी नाही. म्हणूनच कधी कुणाला काही उणं वाटलं नाही. यादीत ‘मासिक नोंदी’ असं कुणीतरी टाकून दिलेलं, आणि महिन्याला एक पान तर होतंच. एखाद्या दातांच्या रांगेतला एकाआड एक दात पडावा आणि उरलेले इतके सरळ उभे असावेत की फट दिसूच नये, तसं ते होतं.

तिनं पाणी प्यायलं. पेला ठेवताना आवाज होऊ नये म्हणून करंगळी आधी टेकवली, ही सवय हर्षू तान्ही असल्यापासूनची. काहीतरी दुसरीकडं असेल, असा एक वेडा विचार येऊन गेला. दुसऱ्या फोल्डरात, पुण्याच्या प्रतीत, टेपवर. पण तीन ठिकाणच्या तिन्ही प्रती अगदी एकसारख्या आहेत याची खात्री तिच्याइतकी कुणाला असणार? ती खात्री करणं हेच तर तिचं काम. फाइल आत आली की यंत्र तिची एक खूण काढून ठेवतं, आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ. फाइलीतला एक ठिपका इकडचा तिकडं झाला तरी ती ओळ पार बदलून जाते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्या खुणा नव्यानं निघतात, जुन्यांशी ताडल्या जातात, आणि जुळल्या की पडद्यावर हिरवं येतं. सहा वर्षं हिरवं येत होतं. त्या हिरव्यावर तिचा जीव होता. घरात काहीही बिनसलेलं असो, सोमवारी सकाळी ते हिरवं बघितलं की तिला वाटायचं, जगात निदान एक गोष्ट काल होती तशीच आज आहे. आणि आता कळत होतं, की यंत्रानं तेवढंच सांगितलं होतं. काल होतं तसं आज आहे. काल काय होतं, ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं. अर्धं आलं, ते अर्धंच, पण तंतोतंत अर्धं, तीन ठिकाणी जपून ठेवलेलं. तिला उगाच हर्षूचा पहिला हिवाळा आठवला. टाळेबंदीत जन्मलेली पोर, बघायला ना माहेरचं कुणी येऊ शकलं ना सासरचं. रात्री दहादा उठून ती तिच्या नाकाशी बोट धरायची. श्वास लागला की परत पडायची, हुश्श करून. एकदा असंच बोट धरून, श्वास तपासून ती झोपली, आणि सकाळी दूध पाजायला उचललं तर पोरीचं अंग तापानं फणफणलेलं. रात्रभर फणफणलेलं असणार. श्वास चालू होता, एवढंच तिनं बघितलं होतं. ‘अगं, कपाळाला हात नाही का लावायचा?’ सिंधुबाई, तिच्या सासूबाई, फोनवर म्हणाल्या होत्या. रागानं नव्हे, साधंच. पण ते साधं वाक्य अजून कुठंतरी कुसळासारखं होतं, आणि आज त्याच जागी पुन्हा टोचलं.

वह्या देवरे सर घेऊन आले तेव्हा बरोबर लंकाबाईही आल्या होत्या. नवं लुगडं, पायांत संतोषच्या मापाच्या वाटाव्यात अशा मोठ्या चपला. खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या, जणू खुर्ची कुणीतरी परत मागेल. डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून मोजणं थांबवलेलं, त्यामुळं हात रिकामे, मांडीवर ठेवावेत तर कसे ठेवावेत हे न कळणारे. चारही वह्या तेजस्विनीनं टेबलावर रचल्या तेव्हा लंकाबाईंनी विचारलं, ‘या इथं ऱ्हातीन ना पोरी? का तुमी बी दोन साल ठिवून देता न मंग कुठंतरी टाकता?’ देवरे सर हसले. तेजस्विनी मात्र हसली नव्हती. तिनं त्यांना आत नेऊन सर्व्हरची कपाटं दाखवली, थंड खोलीत लुकलुकणारे दिवे दाखवले, आणि म्हणाली, ‘आजी, आता या कायमच्या. आग लागू दे, पूर येऊ दे, जात नाहीत आता.’ कायमच्या. केवढा मोठा शब्द किती सहज आला होता तोंडात. लंकाबाईंनी त्या दिव्यांकडं बघितलं, मग तिच्या पोटाकडं. ‘पोट उतरलंय तुझं. पोरगी हाय,’ म्हणाल्या, आणि न विचारता पोटावर तळहात ठेवला. दोरानं कापून कापून त्या तळहातावर आडवे घट्टे पडलेले होते, साडीतून लागत होते. ‘दम धर ग बाई,’ हे त्या आतलीला म्हणाल्या. आतली हलली होती. हे तेजस्विनीला पक्कं आठवतं. तिथं हलली होती, की त्यानंतर तीन आठवड्यांनी सही करताना हलली, याचाच आता घोळ होऊ लागला.

सहीचा दिवस. रजेवर जायच्या आदला दिवस होता तो. अकरा संग्रहांच्या निर्लेखनाचे फॉर्म एकावर एक, मूळ कागद आता ठेवायची गरज नाही, खात्री केली, सही. वह्यांचे कणे कटरवर कापून पानं सुटी केलेली होती, कारण सुटी पानं यंत्रात एका दमात जातात. ठेक्यावर आलेल्या माणसानं ती भराभरा घातली, आणि त्या यंत्रात एक साधी निवड असते, एक बाजू की दोन्ही बाजू, ती आदल्या कुठल्यातरी कामाची ‘एक बाजू’ अशीच राहून गेली. आता हे सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं, की जणू ती तिथं उभी होती. पण ती तिथं नव्हती. ती आपल्या टेबलाशी होती, पाय सुजलेले, चपला काढून फरशीवर तळवे टेकलेले. पहिली फाइल उघडली, ठीक. शेवटची उघडली, ठीक. खुणा जुळल्या, हिरवं. नियमाप्रमाणं मधली काही पानं मूळ कागदाशी ताडून बघायची असतात. मूळ कागद गोणीत भरलेले, गोणी जिन्याशी. उठावं लागलं असतं, वाकावं लागलं असतं. ती उठायला लागली होती. होती ना? खुर्चीच्या दांड्यावर हात टेकल्याचं आठवतं. आणि आतून लाथ बसली, बरगडीखाली, इतकी जोरात की ती हसली, एकटीच, आणि परत बसली, आणि हात पोटावर ठेवून म्हणाली, बरं बाई, बरं. आणि सही केली. असं झालं का? की लाथ त्याआधीच कधी बसली होती, आणि ती उठायला लागलीच नव्हती, हिरव्याकडं बघितलं आणि झालं म्हणाली? सहा वर्षांत दोन्ही आठवणी इतक्या वापरून झाल्या होत्या, की कुठली खरी आणि कुठली तिनं स्वतःला धीर द्यायला नंतर रचलेली, ते तिला सांगता येईना. आठवणींची खूण कुणी काढून ठेवलेली नसते. गोण्या लगद्याला गेल्या. त्यांची पावती मात्र होती. फोल्डरात, हिरवी.

आणि हे सगळं एखाद्या वाळवीसारखं आतल्या आत राहिलं असतं, तर राहिलं असतं. पण परवा, मंगळवारी, अकरा वाजता कळवणला सुनावणी होती. उंबरदरीच्या डोंगरात बारा वर्षांपूर्वी दगडाची खाण सुरू झाली. तिचा करार आता पुन्हा वाढवायचा होता आणि गावानं हरकत घेतली होती, सुरुंगांनी आमची खालची विहीर फुटली म्हणून. खाणवाले म्हणत होते, विहीर आम्ही यायच्या आधीच आटली होती, दुष्काळच होता तेव्हा. खाणीची पूजा झाली अक्षय्य तृतीयेला, मुहूर्त धरून. त्या चैत्रातल्या पुनवेला खालच्या विहिरीत ओल्या गाठी आठ. ते पान ६१, ते होतं. वैशाखाच्या पुनवेला ‘कोरडी’. ते पान ६३, तेही होतं. मधे काय झालं? पूजेच्या तीन दिवस आधी अवस होती. त्या अवसेला लंकाबाईंनी दोर सोडला होता. त्या तसं सांगत होत्या, गावभर, फोनवर, आणि परवा साहेबापुढं सांगणार होत्या. आणि ते ६१च्या पाठीमागं, ६२ वर होतं. तेजस्विनीनं ६१ मोठं करून बघितलं. आणखी मोठं केलं. संतोष दाबून लिहायचा. कागदाच्या पोतातून मागच्या अक्षरांची फुगवटी उमटलेली वाटत होती, एक आडवी रेघ, एक वळण, पण मोठं करावं तसतशा त्या नुसत्या करड्या ठिपक्यांच्या चौकटी होत गेल्या. तिनं लॅपटॉप तिरपा केला. मग तिच्या लक्षात आलं, की आपण पडद्याच्या मागं वाकून बघतो आहोत.

ग्रंथपाल धोंडीराम गांगुर्डे सरांना तिनं फोन लावला तेव्हा पलीकडं कुणाच्यातरी साखरपुड्याचा बँड वाजत होता.

‘बोला मॅडम! जेवण झालं का? इथं ओझरला पंगत बसलीय.’

‘सर, उंबरदरीच्या वह्या अर्ध्याच आल्यात. मागची बाजूच स्कॅन झालेली नाही. एकाही पानाची.’

बँड लांब गेला. सर बहुधा मांडवाबाहेर आले.

‘रिपोर्ट काय म्हणतो?’

‘हिरवाच आहे, सर.’

‘मग झालं तर! घाबरवता राव तुम्ही रविवारचं.’

‘पण पानं नाहीत, सर. आणि मूळ वह्या आपणच लगद्याला दिल्या. फॉर्मवर माझी सही आहे.’

‘हळू बोला. म्हणजे तुम्ही घरात आहात, तुम्ही बोला कसंही, मीच हळू बोलतो. हे बघा मॅडम. आपण सांभाळणारे. जे आलं ते सांभाळलं. काय आलं नाही, ते आपण कसं सांभाळणार? उद्या शिक्का मारा. “संग्रहातील नोंदीशी तंतोतंत जुळते.” यातला एक शब्द मला खोटा दाखवा.’

तिनं शोधला. एकही शब्द खोटा नव्हता.

‘सर, परवा ती बाई उभी राहून सांगणार, मी अवसेला मोजलं होतं. आणि आपला शिक्का म्हणणार, नाही. तीस वर्षांत हिनं एकाही अवसेला मोजलेलं नाही.’

‘शिक्का काही म्हणत नसतो हो. तुम्ही फार मनाला लावून घेता. पुढच्या महिन्यात समिती येतेय, शंभर टक्के जतन म्हणून आपण पुस्तिकेत छापलंय.’ मग त्यांचा आवाज मऊ झाला, आणि तोच तिला जास्त लागला. ‘अगदीच लिहायचं असेल ना काही, तर तुमच्या अवस्थेचं लिहा. आठवा महिना होता, रजेच्या तोंडावर होतात. बाईमाणसाचं कुणीही समजून घेतं. नुसतं “चूक माझी” असं लिहून माझ्या टेबलावर ठेवू नका म्हणजे झालं. बरं, ठेवतो, मठ्ठा आला.’

हर्षू उठली ती गालावर उशीची नक्षी घेऊन. हल्ली तिला वाचायचा नादच लागला होता. पहिलीत गेल्यापासून जे दिसेल ते वाचायचं, दुधाची पिशवी, गाडीची पाटी, लिफ्टमधली सूचना. रस्त्यानं जाताना तेजस्विनीला तिच्या हाताला ओढत न्यावं लागे, कारण प्रत्येक दुकानाशी ती उभी राही आणि पाटी शेवटपर्यंत संपवल्याशिवाय हलत नसे. ‘आई, श-र्क-रा म्हणजे काय?’ तिनं बिस्किटाचा पुडा वाचत विचारलं. ‘साखर.’ ‘मग साखर का नाही लिहिलं?’ ‘मोठ्या लोकांना साधं लिहायला लाज वाटते,’ तेजस्विनी म्हणाली, आणि दूध उतू गेलं. ओटा पुसताना तिच्या डोक्यात तेच वाक्य फिरत होतं. संग्रहातील नोंदीशी तंतोतंत जुळते. किती सोपं होतं ते. उद्या संतोष येईल, कागद घेईल, हात जोडून जाईल. परवा तिथं काय होईल ते ती बघायला नसेल. वकील पानं चाळेल, विचारेल, आजी, अवसेचं पान कुठंय? लंकाबाई म्हणतील, मोजलं होतं. कुणीतरी हसेल. म्हाताऱ्या माणसाला जसं समजुतीनं हसतात तसं. आणि लंकाबाईंना वाटेल, आपल्यालाच आठवत नाही नीट. हे सगळ्यात वाईट होतं. त्यांनाच वाटू लागेल. दोर आठवत असेल, पाण्याचा थंडावा आठवत असेल, आणि शिक्का म्हणत असेल नाही, तर माणूस कुणावर विश्वास ठेवतो?

साडेचारला संतोषचाच फोन आला.

‘मॅडम, उद्या माय बी येती म्हनते. म्या म्हनलं, बसमधी लय हाल व्हतीन. तर म्हनते, शिक्का कसा मारत्यात ते बघायचंय. आनू का?’

तिनं ओठ उघडले आणि वाटलं, आत्ता नाही, उद्या समोरासमोर सांगू. आणि कळलं, की उद्या समोरासमोर ती कधीच सांगणार नाही. उद्या टेबल असेल मधे, शिक्का असेल.

‘संतोषभाऊ,’ ती म्हणाली, ‘पानांच्या मागची बाजू आमच्याकडं नाही. स्कॅन करताना राहिली. आणि वह्या... वह्या नष्ट केल्या आम्ही. मी सही केली होती.’



‘मागची म्हंजे,’ संतोष हळूच म्हणाला, ‘समद्या अवसा?’

‘हो.’

‘मॅडम, म्या लिव्हल्या ना त्या! रातच्याला कंदिलापाशी बसून लिव्हल्या. पाचवीत व्हतो तवापून. आता म्या काय सांगू मायला? त्यो वकील म्हनंल, म्हातारीनं मोजलंच नाय. म्हंजे घरचं खाऊन लबाड बी आमीच?’

मागून बारीक, चिरका आवाज आला, ‘कोन हाय? ती पोटुशी का? आन इकडं.’ मग तोच आवाज अगदी कानाशी, नको इतका मोठा. ‘पोरी, पोरगीच झाली ना तुला?’

‘हो, आजी.’

‘म्या म्हनलंच व्हतं. चालती बोलती का?’

‘वाचते आता.’

‘आता गं बाई.’ आणि मग, ‘ह्यो काय म्हनतोय? अवसा गेल्या?’

तेजस्विनीनं पुन्हा सांगितलं, सगळं, लंकाबाईंना कळेल अशा शब्दांत. एक बाजू, दुसरी बाजू. सांगताना तिच्या लक्षात आलं की मोठे शब्द काढून टाकले की त्यात काहीच उरत नाही. पान उलटायचं राहिलं.

‘चांदनं तेवढं ठिवलं,’ लंकाबाई म्हणाल्या, ‘न अंधार फेकून दिला व्हय? अगं, पुनवेला तर कुनीबी मोजंल. दिसतं सगळं. अवसेला बॅटरी दातात धरून मोजलंय म्या, धा-धा येळा गाठी चाचपून. त्या टायमाला सात गाठी पानी व्हतं खालच्या हिरीत. सात. अन् एक अर्दी.’ त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘तू म्हनली व्हती ना, आता जात नाय म्हनून?’

‘म्हणाले होते, आजी.’

‘मंग?’

‘मी लिहून देते,’ तेजस्विनी म्हणाली. ‘मागची बाजू होती, तुम्ही मोजलेलं होतं, ते आमच्याकडून गेलं. माझ्या सहीनं देते. ते साहेबाला दाखवा.’

संतोषनं फोन परत घेतला होता. ‘त्यानं तुमाला काय व्हनार नाय ना पन?’ असं तो म्हणाला, आणि तिच्या उत्तराची वाट न बघता, ओशाळल्यासारखा, ‘येतो उद्या. दोघं बी येतो,’ म्हणून ठेवून दिला.

मग ती लिहायला बसली. खिडकीतून ऊन ओट्यावरून उतरून फरशीवर आलं होतं, आणि हर्षू त्या उन्हाच्या पट्ट्यात पालथी पडून वही रंगवत होती. पहिलं वाक्य सरळ आलं. उंबरदरी येथील विहिरींच्या नोंदवह्यांच्या प्रत्येक पानाच्या मागील बाजूस अमावास्येची नोंद होती. स्कॅन करताना ती बाजू राहून गेली. दुसरंही आलं. मूळ वह्या नष्ट करण्यापूर्वी पानांची मागील बाजू पडताळून पाहण्याची जबाबदारी माझी होती. मी ती पाहिली नाही. इथं ती थांबली. पाहिली नाही, यानंतर एक ‘कारण’ असायला हवं, असं वाक्यालाच वाटत होतं. नुसतं ‘पाहिली नाही’ हे इतकं उघडं दिसत होतं, की तिला त्यावर काहीतरी पांघरावंसं वाटलं. तिनं लिहिलं, मी तेव्हा आठ महिन्यांची गरोदर होते. वाचलं. पुसलं. ते खोटं नव्हतं. सरांच्या वाक्यासारखंच, त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आणि नोकरी होती, घर होतं, दीपकला काय सांगायचं होतं. तिनं पुन्हा लिहिलं. खुर्चीच्या दांड्यावरचा हात आठवला, बरगडीखालची लाथ, एकटीचं हसू. ते आठवताना अजूनही अंगभर ऊब पसरायची. सहा वर्षं ती आठवण तिनं जपली होती, सुखाची म्हणून. आणि आता तिला ती कागदावर, पुराव्यासारखी, ठेवायची होती. बोट पुसायच्या बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं.

हर्षू कधी उठून मागं येऊन उभी राहिली ते तिला कळलं नाही. खांद्यावर हनुवटी टेकली तेव्हा कळलं, बिस्किटाचा वास आला. पोर पडद्यावर बोट ठेवून वाचत होती, एकेक अक्षर सोडवत. ‘मी... ते-व्हा... आठ... म-हि-न्यां-ची... ग-रो-द-र...’ बोट थांबलं. ‘आई, गरोदर म्हणजे काय?’

‘म्हणजे,’ तेजस्विनी म्हणाली, ‘तू पोटात होतीस.’

‘मी?’ हर्षूला हसू आलं. आपलं नाव कुठंतरी छापून आल्यासारखी ती आणखी जवळ सरकली, तिच्या मांडीवर चढली, आणि वरच्या ओळीकडं वळली. ती ओळ तिनं सावकाश, मनापासून, शेवटच्या टिंबापर्यंत वाचली. ‘मी... ती... पा-हि-ली... नाही.’ मग खालची ओळ पुन्हा. मग वरची. हसू कधी गेलं ते दिसलं नाही. फरशीवरचं ऊन भिंतीला लागलं होतं. तिनं मान वळवून आईच्या तोंडाकडं पाहिलं, तपासून बघावं तसं.

‘आई, मी पोटात होते म्हणून तुझं चुकलं का?’